वरची फळी

चेंबूर कॅम्पात आमच्या दुकानाला जाळी आहे,
जाळीला हाताएवढं भोक.
दिवसभर नोटा आत, क्वार्टर बाहेर.
वरच्या फळीवर मात्र सहा बाटल्या आडव्या निजलेल्या.
खाली शेठनी स्केचपेनने लिहिलंय: ऑर्गॅनिक.
मी विचारलं, म्हणजे सेंद्रिय ना शेठ, शेणखताचं?
ते म्हणाले, गिऱ्हाइकासमोर शेण म्हणायचं नाही.

घेणारे मोजकेच.
चांदवानी मॅडम घेतात, दुसरीने डोकं दुखतं म्हणून.
(हिनेही दुखतं, पण कमी, असं एकदा कबूल केलं त्यांनी.)
नव्या टॉवरमधली दोघं घेतात,
लेबलवरचं पान छान आहे म्हणून;
आधी फोटो, मग पैसे.
एक बाई घेते. नवऱ्याच्या किमोनंतर घरात
तेलापासून मिठापर्यंत सगळं बदललं, तर हेही.
तो पीत नाही. ती पिते, अर्धा पेला, गॅलरीत.
मी काही विचारलं नव्हतं.

आणि टिपणीस साहेब.
महिन्याचा पहिला शनिवार, इस्त्रीचा हाफशर्ट, खिशात भिंग.
बाटली उजेडात धरून मागची बारीक अक्षरं वाचतात,
जशी कुणी होणाऱ्या जावयाची पत्रिका वाचावी.
"मोरचूद चालतं यांना," मला सांगतात, "गंधकही.
सोवळं वगैरे काही नसतं.
आणि सल्फाइट थोडं आंबतानाच होतं,
ते कुणाच्या बापाला काढता येत नाही."
मग घ्यायची कशाला, चौदाशेची?
हे मी दीड वर्ष विचारलं नाही.

मार्चात, ड्राय डेच्या आदल्या रात्री,
शटर अर्धं उतरलेलं,
ते वाकून आत आले. बाटली घेतली
आणि तिथंच, बिअरच्या क्रेटवर बसून, झाकण पिळलं.
"एकतीस वर्षं, माहुल रोडला, लॅबमध्ये.
द्राक्षावरच्या भुरीचं औषध.
औषधच म्हणायचो आम्ही.
बाजारातला कुठलाही घड उचल,
मी त्यात असायचोच.
आता बघायचंय,
माझ्याशिवाय द्राक्ष कसं लागतं."

कागदी कपात दोन बोटं मलाही ओतली.
इतकी वर्षं विकतोय, चाखली नव्हती.
आधी आंबट. मग जिभेच्या कडेला तुरट,
अर्ध्या पिकल्या जांभळासारखी. मग
ओल्या पोत्याला येतो तसा कसलासा वास.
"कशी आहे?"
खरं सांगू? म्हटलं, साधीच आहे.
ते हसले. बराच वेळ हसले.
"हो ना. कधी वाटतं फरक आहे,
कधी वाटतं, माझ्याआधी
माझी जीभच रिटायर झाली."

बाहेर खताच्या कारखान्याचा वास होता.
रोजचाच.
त्या रात्री तो मला आला.

घरी जाताना गाडीवरून पाव किलो काळी द्राक्षं घेतली.
मिठाच्या पाण्यात टाकायच्या आधी
एक मणी ट्यूबलाइटखाली धरला.
वर पांढरट धूळ असते ना, ती.
जाता जाता साहेब सांगून गेले होते:
अंगठ्याने पूस. मेणासारखी सरकली
तर ती द्राक्षाची स्वतःची,
आंबवणारे जीव तिच्यातच बसलेले असतात.
ठिपके उरले, तर ती आमची.

पुसली.
थोडी सरकली,
थोडी उरली.

"बाबा, धू ना लवकर," शाल्मली म्हणाली.
मी नळ सोडला.
अंगठा तेवढा पाण्याबाहेर ठेवला.